खारुताईचा भाव

"डॉक्टर, ही वस्तू तुम्ही अशी उघड्यावर ठेवता?"

सुजलेला गाल हाताने धरून बसलेला तो माणूस बाकावरून उठला आणि टीव्हीसमोर चक्क गुडघ्यांवर बसला. त्याचा नंबर लागला होता, दातांचे डॉक्टर स्वतः दारात येऊन त्याला बोलवत होते, पण त्याला दाढेचा विसर पडला होता. डॉक्टरांना वाटलं, टीव्हीबद्दल बोलतोय. मागच्या बाजूने पोट सुटलेला तो जुना टीव्ही पाहून लोक हसायचेच. पण माणसाचं बोट टीव्हीखालच्या व्हिडिओ गेमकडे होतं, आणि त्यात खोचलेल्या करड्या कॅसेटकडे.

ती कॅसेट दवाखान्याएवढीच जुनी. डॉक्टरांनी नवा नवा दवाखाना थाटला तेव्हा तिकडे कुत्रं फिरकत नव्हतं. थोरली बहीण काउंटरवर बसायची, डॉक्टर आत बसायचे, आणि दोघं मिळून माश्या मारायचे. पोरंबाळं यावीत म्हणून डॉक्टरांनी पदरमोड करून हा खेळ आणला. पोरं आली नाहीतच, तेव्हा दुपार-दुपार ही दोघंच खेळत बसली. खारुताई या छपरावरून त्या छपरावर उड्या मारत बदाम गोळा करायची, मागे बोका लागलेला. कॅसेट रुसली की बाहेर काढायची, फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. बहीण जिंकली की डॉक्टर फुगून बसायचे. दातावर मारायला पैसा नव्हता, पण काय दिवस होते ते! मग पेशंट यायला लागले, आणि या दोघांचं खेळणं जे सुटलं ते सुटलंच.

पोरांनी मात्र ताबा घेतला. खेळता खेळता नंबर लागायचा आणि पोरगं डोक्यात तेच संगीत घोळवत खुर्चीत येऊन बसायचं. दात निघेपर्यंत त्याला पत्ता नसायचा. गावभर नाव झालं ते डॉक्टरांच्या हलक्या हाताचं. खारुताईचं नाव कोण घेतो?

"भाव काय असेल हो याला?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

माणसाने सांगितला. डॉक्टरांच्या हातातला आरसा खाली पडला.

"आणि रोज चढतोय, डॉक्टर. ज्या पोरांना तेव्हा आईबापांनी घेऊन दिली नाही ना, ती पोरं आता कमावती झालीत."

काउंटरवरून ताई चष्मा वर करून बघत होत्या. "अरे, तू तो पळपुट्या ना? गळ्यात रुमाल बांधलेला असताना खुर्चीतून पळालेला?"

माणूस लाजला. "तोच मी, ताई. माझा विक्रम अजून असेल बघा यात. कॅसेटमध्येच साठून राहतो तो."

त्यांनी खेळ लावला. खरंच होता. सगळ्यात वरती, त्याच्या नावाच्या तीन अक्षरांसकट. एवढा बाप्या माणूस, पण त्याचे डोळे भरून आले. "मला हीच कॅसेट हवी, डॉक्टर. शनिवारी पैसे घेऊन येतो. कुणाला देऊ नका," असं म्हणून तो निघाला. दाढ दाखवायची राहिलीच. खरं सांगायचं तर त्याला तेवढंच निमित्त हवं होतं.

त्या दिवसापासून डॉक्टरांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. दवाखान्यातली खुर्ची म्हातारी झाली होती. पेशंटला आडवं करायला गेलं की कुरकुरायची आणि अर्ध्यावर अडायची. नवी खुर्ची घ्यायची म्हणून डॉक्टर कित्येक वर्षं मनात मांडे खात होते, आणि आता ती खुर्ची टीव्हीखालीच सापडली होती. त्यांनी कॅसेट काढली आणि दातांचे साचे ठेवायच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद केली. इकडे पेशंटचं तोंड उघडं, आणि डॉक्टर फोनवर भाव बघतायत, असं सुरू झालं.

बाहेर पोरांनी दवाखाना डोक्यावर घेतला. बंद टीव्हीसमोर बसून आतल्या यंत्राचा आवाज ऐकायचा म्हणजे काय! एक दारातूनच परत गेलं. दुसऱ्याने डॉक्टरांच्या बोटाला कडाडून चावा घेतला.

"छोट्या, कॅसेट काढ बाहेर," ताई म्हणाल्या. पेशंट नसले की डॉक्टरांचं नाव छोट्याच होतं.

"ताई, कॅसेट नाही ती. खुर्ची आहे."

"मग बसव ना पोरांना तिच्यावर!"

पण ऐकतात ते डॉक्टर कसले. भाव चढला, त्यांनी पळपुट्याला फोन केला. आणखी चढला, पुन्हा केला. दुसऱ्या वेळी पळपुट्या कण्हत म्हणाला, "एवढे पैसे नाहीत माझ्याकडे, डॉक्टर. पण दुसरं काहीतरी आणतो. शनिवारी बोलू."

लख्ख कॅसेटला जास्त भाव येतो, असं डॉक्टरांच्या वाचनात आलं होतं. शनिवारी सकाळी त्यांनी कॅसेट स्टीलच्या ट्रेमध्ये घेतली, वरचा दिवा लावला आणि दात खरवडायच्या सगळ्यात बारीक आकड्याने तिच्या पितळी पट्ट्यांमधला मळ काढायला बसले. इतक्या मायेने त्यांनी आजवर कुणाची बत्तीशी साफ केली नसेल. तेवढ्यात बाहेर कुणीतरी तुटलेला दात मुठीत घेऊन आलं. ताईंनी पाहिलं तर पुन्हा बोलणी खावी लागतील, म्हणून डॉक्टरांनी ट्रेवर हिरवा रुमाल टाकला आणि बाहेर धावले.

आता ताईंचा एक नियम होता. वापरलेला ट्रे दिसला की तो जसाच्या तसा, रुमालासकट, स्टरलायझरमध्ये. आत काय आहे ते उचकायचं नाही, हात लावायचा नाही. हा नियम त्यांना डॉक्टरांनीच घालून दिला होता, तोही ओरडून. त्यांनी ट्रे आत सरकवला, झाकण आवळलं आणि वाफ सोडली.

वास आला तेव्हा डॉक्टर बाहेरच्या बाकावरच्या पेशंटला तसंच आ करून सोडून धावत आले. झाकण उघडलं. कॅसेट दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यासारखी लोळागोळा झाली होती.

"ट्रेवर रुमाल कुणी टाकला?" ताईंनी विचारलं.

"मी."

"का?"

"तुला दिसू नये म्हणून."

"दिसली नाही," ताई म्हणाल्या.

डॉक्टरांना ओरडायचं होतं, पण कुणावर ओरडणार? ताईंनी चिमट्याने कॅसेट उचलली, सवयीने तिच्यावर फुंकर मारली, आणि मग त्यांना रडू आलं. "विकायला निघालास तेव्हाच वाईट वाटलं होतं रे मला. आपली होती ती." डॉक्टरांना खुर्ची गेल्याचं दुःख होतंच, पण त्या रिकाम्या दुपारी आठवल्या आणि दुःख दुप्पट झालं.

अशा वेळी पळपुट्या आला. गाल आता टम्म फुगला होता. त्याने पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं एक खोकं काढलं आणि अलगद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं.

"अदलाबदल करू, डॉक्टर. हीच कॅसेट आहे, कारखान्यातून निघाली तशी. वरचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही. बाजारात हिला तुमच्या कॅसेटच्या दहापट भाव आहे. पण मला ती जुनीच हवी. मी तिच्यात आहे ना."

दहापट! डॉक्टर मटकन पेशंटच्या खुर्चीत बसले. खुर्ची कुरकुरली. ताईंनीच ट्रे पुढे केला आणि काय झालं ते सांगितलं.

पळपुट्या त्या लोळ्याकडे बघत राहिला. आता हा रडतो की भांडतो, या भीतीने डॉक्टर खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसले होते. पण तो हसायला लागला. गाल धरून, "आई गं, आई गं" करत हसला. "वाफेत? आमच्या खारुताईला वाफेत घातलीत?" आणि मग हसता हसता त्याने डोळे पुसले.

"चिडला नाहीस?" ताईंनी विचारलं.

"कुणावर चिडू, ताई? घरी असल्या खोक्यांचं कपाट भरलंय. एकसुद्धा खेळलेलो नाही. फोडलं की भाव पडतो. लहानपणी घरी एकही कॅसेट नव्हती, तरी इथे येऊन रोज खेळायचो. दात किडावा म्हणून मुद्दाम गोळ्या खायचो."

"मग या खोक्याचं काय लोणचं घालणारेस? जाऊ दे, आधी दाढ दाखव. तोंड बघ कसं झालंय."

पळपुट्याने खुर्चीकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकला. "खेळल्याशिवाय मला तिथे बसवत नाही, ताई. तेव्हाही बसवत नव्हतं. त्या दिवशी लाईट गेली होती, म्हणूनच पळालो मी."

"लाईट आहे आत्ता," ताई म्हणाल्या. "आणि पहिली पाळी माझी."

पळपुट्याने ताईंकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं. ठसठसणारा गाल एकदा दाबला. मग त्याने प्लास्टिकच्या कडेखाली नख घातलं आणि सर्रकन ओढलं.

डॉक्टरांच्या तोंडून अशी काही किंकाळी फुटली की लोखंडी कपाटातले साचे थरथरले. बाहेरच्या बाकांवरचे सगळे ताडकन उठले. एका आईने पोराला काखोटीला मारलं, एका आजोबांनी चप्पल शोधायला सुरुवात केली.

ताई कॅसेट हातात घेऊन दारात आल्या.

"बसा हो, बसा. पेशंटला अजून हातही लावलेला नाही. ओरडले ते आमचे डॉक्टर. जरा सरका बघू, टीव्ही लावायचाय."