दातारअण्णांची पंगत

खालच्या मजल्यावरच्या दातारांना मी एक फुलदाणी भेट दिली आणि त्याच संध्याकाळी ते आमच्या दारात एक खुर्ची घेऊन उभे राहिले.

मला वाटलं, ही परतभेट असावी. तसं काही नव्हतं. त्यांच्या घरात एक वस्तू आली की एक बाहेर जायची, असा नियम होता. फुलदाणी आली म्हणून खुर्ची गेली, आणि वर आमच्याकडे सामान जवळजवळ नव्हतंच म्हणून ती आमच्याकडे आली. पुढच्या महिन्यात त्यांना कुणीतरी भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि आमच्याकडे एक कपाट चढलं. मग मी मुद्दामच त्यांना लहानसहान भेटी देऊ लागले. शेखर, म्हणजे माझा नवरा, नुकताच पुण्याहून बंगळूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आला होता. हेब्बाळच्या अलीकडे हे घर भाड्याने घेतलं तेव्हा आम्ही चटईवर झोपत होतो. वर्षभरात आमचं घर भरलं आणि खालचं जवळजवळ मोकळं झालं.

दातार सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांच्या वडिलांपासून घराणं बंगळूरचं, त्यामुळे मराठीत कन्नड असं मिसळलेलं की त्यांना स्वतःलाही शिवण कुठे आहे ते सांगता आलं नसतं. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, त्यांची मुलंसुद्धा. त्यांच्या बायकोला आम्ही सुधाअक्का म्हणत असू. अण्णांचा आवडता शब्द ‘साकु’, म्हणजे पुरे. दोन शर्ट? साकु. एक भाजी? साकु. शेखरने एकदा हौसेने त्यांना ऑफिसातला कॉम्प्युटर दाखवायला नेलं. त्यांनी तासभर बारकाईने प्रश्न विचारले आणि निघताना म्हणाले, “छान आहे. पण एवढं सगळं लक्षात ठेवून करायचं काय? स्वल्प साकु.”

मुलं लहान असताना असं घर चालवणं सोपं असेल. पण मेधा तेव्हा बी.एस्सी. झाली होती आणि नंदन कॉलेजात गेला होता. या वयाच्या मुलांना ‘साकु’ ऐकवणं म्हणजे धाडसच. अण्णांनी त्यावर उपाय काढला होता तो शनिवारच्या बैठकीचा. घरातला कुठलाही निर्णय चौघांच्या मतांनी व्हायचा. अध्यक्ष कायम अण्णा, आणि हरायचेही कायम अण्णाच. टीव्ही नको, असं ते अर्धा तास पोटतिडकीने बोलले आणि तीन विरुद्ध एक असे पडले. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन टीव्ही घेऊन आले. त्या दिवशी आम्हाला त्यांचा दिवाण मिळाला.

एकच नियम असा होता की जो कधी मताला टाकला गेला नव्हता. दिवसातून एकदा चौघांनी एका पंगतीला बसून जेवायचं. त्यासाठी अण्णांनी दिल्लीची बढतीची जागा सोडली होती, हे मला अक्कांकडून कळलं. अण्णांनी तो विषय कधी काढलाही नाही.

मेधाला होसकोट्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि तिथून पंगतीचे हाल सुरू झाले. ती सकाळी सहाला घर सोडायची. संध्याकाळी परत येताना बंगळूरच्याच शिवाजीनगरला उतरून कॉम्प्युटरच्या क्लासला बसायची, आणि घरी येईपर्यंत नंदन पेंगलेला असायचा. अण्णांनी पंगत पहाटे पाचला नेली. खालून भाकऱ्या थापल्याचा आवाज आला की आम्ही वर कूस बदलत असू. नंदन डोळे मिटून जेवायचा आणि एकदा त्याने वाटी समजून ताकाच्या भांड्यात हात घातला. त्या शनिवारी अक्कांनीच ठराव मांडला की पहाटे स्वयंपाक होणार नाही. अण्णा पुन्हा पडले.

तेव्हा त्यांनी पंगतच उचलून शिवाजीनगरला नेली.

मेधाची बस येणं आणि तिचा क्लास सुरू होणं यांच्यात थोडा वेळ असायचा. अण्णा, अक्का आणि नंदन तेवढ्यात डबा घेऊन बसस्टँडवर पोहोचायचे. एकदा बाजारहाट करून परतताना मी त्यांना तिथे गाठलं. लांबलचक बाकावर चौघं ओळीने बसलेले, मांडीवर ताटल्या, मधे आमटीचा डबा. समोरून बसेस घरघरत जात होत्या, फळवाले ओरडत होते, आणि अण्णा घरच्यासारखे शांतपणे मेधाला आज कारखान्यात काय झालं ते विचारत होते. एक कंडक्टर ओळखीचा झाला होता. तो जाता जाता “ऊट आयता, अण्णा?” म्हणजे जेवण झालं का, असं विचारून गेला, तर अण्णांनी त्यालाच एक पोळी दिली. नंदन मात्र कॉलेजातलं कुणी बघेल म्हणून खांबाआड तोंड करून जेवत होता. तरी तो रोज यायचा, हे मी लक्षात ठेवलं.

वर्षभर असं चाललं. मग एका दुपारी मेधा वर आली आणि दार लावून घेतलं. तिला पुण्यात नोकरी मिळाली होती, चांगल्या कंपनीत. पुणं माझं माहेर, म्हणून तिने आधी मला वसतिगृहांबद्दल विचारलं, आणि मग रडायलाच लागली. अण्णांना कसं सांगायचं? बसस्टँड पुण्यापर्यंत नेता येत नव्हता.

मी म्हटलं, बैठकीत सांग. तर ती म्हणाली, तूही खाली ये, मला एकटीला जमायचं नाही.

त्या शनिवारी मी पुण्याची माहीतगार म्हणून जमिनीवर बसले होते. मेधाने मान खाली घालून सगळं सांगितलं. अक्का लगेच नको म्हणाल्या. नंदनही नको म्हणाला, आणि ते म्हणताना तो अण्णांकडे बघत होता. मेधाने हळूच होकाराचा हात वर केला.

अण्णांनी मला एकच विचारलं. ही तिथे जेवणार कुठे, आणि कुणाबरोबर? मी सांगितलं, वसतिगृहाची खानावळ असते, मुली सगळ्या एकत्र बसतात.

“एकत्र बसतात ना नक्की?”

“हो, अण्णा.”

“मग माझं मत जाऊ दे असं आहे.”

दोन विरुद्ध दोन झाले. आता काय, म्हणून सगळे बघत राहिले. अण्णा घसा साफ करून म्हणाले, “मतं सारखी पडली तर अध्यक्षाला आणखी एक मत असतं. तेही माझं जाऊ दे असंच.” इतकी वर्षं ते बैठका घेत आले होते, पण अध्यक्षाला असं जास्तीचं मत असतं हे घरात कुणाला माहीतच नव्हतं.

मेधा गेली. अण्णा पहिल्यासारखेच हसतखेळत असायचे, आम्हीही फार विचार केला नाही.

नंतर एका संध्याकाळी मी फोन करायला खाली गेले. फोन तेव्हा त्यांच्याकडेच होता. अक्का बहिणीकडे धारवाडला गेल्या होत्या, नंदन कॉलेजच्या सहलीला. अण्णा स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून पातेल्यातूनच दहीभात खात होते. मला पाहून त्यांनी चोरी पकडल्यासारखं पातेलं खाली ठेवलं. मी हसून म्हटलं, अण्णा, तुम्ही आणि उभ्याने?

“एकट्याला बसून जेवता येत नाही मला,” ते म्हणाले. मग ओटा पुसत पुसत, सहज सांगितल्यासारखं बोलले. वडिलांची फिरती असताना ते शाळेसाठी बेळगावला मामांकडे होते. मोठं घर, पंगती उठायच्या, आणि अण्णा सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभ्याने जेवायचे.

“हाल वगैरे काही नाहीत हां. पोटभर मिळायचं. फक्त ‘बस’ म्हणायचं राहून जायचं कुणाचं तरी.”

नळ गळत होता तो त्यांनी घट्ट केला. मग विचारलं, “तुझं झालं जेवण?”

माझं झालं होतं.

“व्हायचंय,” मी म्हटलं.

अण्णांनी भिंतीशी उभे केलेले दोन पाट घेतले, पंच्याने पुसले आणि समोरासमोर मांडले.

“मग बस,” ते म्हणाले.