शंभर पाण्यांचं लोणी

वाचकहो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. लोणी फेटावं तर मी! ठाण्याच्या कचेरीत माझ्यासारखे नकला उतरवणारे कारकून पैशाला पासरी मिळतील, पण दालचिनीचं गोड लोणी पांढरंशुभ्र आणि कापसासारखं हलकं करून दाखवणारा त्यांच्यात मी एकटाच. हे मी अजूनही छातीवर हात ठेवून म्हणतो. पुढचं जे आहे ते मात्र मान खाली घालूनच सांगावं लागेल.

माझी बायको कलावती वर्षभर माहेरी, कल्याणला होती. आईच्या आजारपणासाठी गेली, आई बरी होऊन पापड लाटायला लागली, तरी सासरे काही तिला पाठवेनात. सासरे म्हणजे विठोजी वैद्य. कडक माणूस. कोणीतरी त्यांच्या कानात घातलं होतं की जावई साहेबाच्या बंगल्यावर जातो आणि तिथल्या किरिस्तावाच्या हातचं खातो. मी तीन पत्रं पाठवली. तिसऱ्याला उत्तर आलं, "रविवारी आम्ही स्वतः येऊन घर पाहू. मग मुलीचं ठरवू."

आता तुम्ही विचाराल, कानात घातलं ते खोटं होतं का? नव्हतं, तीच तर अडचण होती. साहेबाच्या बंगल्यावर मी आठवड्यातून दोनदा नकला घेऊन जात असे. साहेब सह्या करायला दोन-दोन तास लावी, आणि तेवढा वेळ मी मागच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसे. तिथला आचारी लिओनार्ड माजिवड्याचा. मनाने मोकळा. एकदा तो परातीत लोणी घेऊन लाकडी चमच्याने असा काही घोटत होता की मी नकला विसरून बघत राहिलो. त्यात त्याने वाटलेली साखर घातली, दालचिनीची पूड घातली, पावाच्या तुकड्यावर थापलं आणि माझ्यापुढे धरलं. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि खाल्लं. खरं सांगायचं तर त्या दिवशी दोन तुकडे खाल्ले, आणि त्यानंतर आठवड्यातून दोनदा.

"कृती सांग ना," मी म्हटलं.

"कृती काय, हात चालवायचा," लिओनार्ड म्हणाला. "दालचिनी चिमूटभर, जास्त नाय. परात थंड पाण्यात ठेव. आन् हात थांबवू नको. थांबलास का मस्का बसला."

सासरे येणार म्हटल्यावर मला हेच लोणी आठवलं. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी जेवायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. पण फराळाला कोणाची ना नसते. म्हातारा गोडघाशा आहे, दात हलतात, लोणी चावावं लागत नाही. एकदा जिभेवर ठेवलं की कलावती पुढच्या गाडीने ठाण्यात! असा माझा हिशेब.

घरात बाईमाणूस म्हणजे माझी विधवा आत्या, रखमाबाई. तिने रविवारी पहाटे ताक घुसळून लोण्याचा गोळा काढला. मी तो एका पाण्यातून धुतला, बाह्या सरसावल्या आणि फेटायला बसलो.

"अरे, पुरुषाने लोण्यात हात कशाला घालायचा?" आत्या म्हणाली.

"तू घावन घाल. बाकी माझ्यावर सोड."

चैत्राचा उकाडा. घंगाळात विहिरीचं पाणी, त्यात परात, आणि परातीवर मी. दंड भरून आले, घाम नाकावरून ओघळायला लागला (परातीत पडला नाही, एवढं मात्र शपथेवर सांगतो), पण लोणी फुललं. मूळच्या गोळ्याचं दुप्पट झालं. आत्याने बोट लावून चाखलं आणि त्यातलं वाटीभर शेजारच्या विमलाबाईंना देऊन आली.

सासरे आले. हातपाय धुतले, घर पाहिलं, देव पाहिले, विहीरसुद्धा वाकून पाहिली. मग पाटावर बसले. आत्याने गरम घावन वाढलं, मी वर लोण्याचा गोळा ठेवला. त्यांनी एक घास घेतला आणि डोळे मिटले. दुसरं घावन मागितलं, तिसरं मागितलं. चौथ्याला त्यांच्या मिशीला लोणी लागलं होतं आणि चेहऱ्यावर, देवाशपथ, हसू होतं. मीही समोर बसून दोन घावनं हाणली.

"जावईबापू," ते म्हणाले, "हे शिकलात कुठे?"

या प्रश्नाचं उत्तर मी तयार ठेवलं नव्हतं! आठवडाभर दालचिनीचा विचार केला, साखरेचा केला, याचा केला नाही. लिओनार्डचं नाव ओठांवर आलं, ते गिळलं.

"आजोबांच्या वहीत सापडलं," मी म्हटलं.

"असं? काय कृती?"

"लोणी घ्यायचं आणि... थंड पाण्याने धुवायचं."

"किती वेळा?"

एकदा, असं म्हणणार होतो. पण सासरा एवढं कौतुकाने विचारतोय आणि आपण एकदा म्हणायचं? जरा मेहनत दिसायला नको?

"शंभर," मी म्हटलं.

सासऱ्यांचा हात थांबला. "शंभर वेळा? तांब्याच्या परातीत?"

परात पितळेची होती. पण त्यांच्या विचारण्यावरून मला वाटलं, तांब्याचा मान मोठा असावा.

"तांब्याच्याच," मी म्हटलं. "दुसरी घ्यायचीच नाही, असं आजोबांनी बजावून लिहिलंय."

विठोजी वैद्यांनी ताट दूर सारलं. तोंडावरचा रंग उतरला. "अहो, तांब्यात शंभर पाण्यांनी धुतलेलं ते भाजल्यावर लावायचं मलम," ते म्हणाले. "मी स्वतः करून देतो लोकांना. तूप काय आणि लोणी काय. अंगाला अमृत, पोटात गेलं की विष."

आत्याच्या हातातला कालथा खाली पडला. इथेच बोलायला हवं होतं, वाचकहो. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य उघडलं की आतून लिओनार्ड बाहेर येणार, आणि लिओनार्ड आला की कलावती कल्याणलाच राहणार. मी जीभ दाताखाली धरून बसलो.

"मीठ घाला कोमट पाण्यात," सासऱ्यांनी हुकूम सोडला. "भरपूर. आधी मी. मग जावई."

"मी?"

"तुम्ही खाल्लं नाहीत?"

खाल्लं होतं! मग काय, अंगणात तुळशीपासून जरा लांब आम्ही दोघं शेजारी-शेजारी ओणवे. सासरे ओकून वर बघत, "झालं का तुमचं?" विचारत, आणि पुन्हा तांब्या तोंडाला लावत. ते विष नाही हे पक्कं माहीत असताना मी मिठाचं पाणी घशाखाली घालत होतो. एवढ्यात आत्याला विमलाबाईंची वाटी आठवली. ती कुंपणाशी धावली. दोन मिनिटांत विमलाबाई, त्यांचे यजमान आणि घरी आलेला पाहुणा असे तिघंही मीठपाणी पीत पलीकडच्या अंगणात ओणवे झाले. आत्यानेही एका बोटाच्या चवीपायी अर्धा तांब्या रिचवला. सगळ्या आळीत एकच आवाज. रस्त्यावरून जाणारे थांबून विचारायला लागले, महामारी आली का म्हणून.

सासऱ्यांना मग चक्कर आली. घोंगडीवर निजवलं. वय सत्तरीला टेकलेलं, हात गार पडलेले. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"जावईबापू, तुमचा दोष नाही," ते हळू म्हणाले. "अजाणता झालं. मी तुमच्याबद्दल भलतंसलतं ऐकून मनात अढी धरली. माझ्यासाठी शंभर वेळा लोणी धुणारा माणूस वाईट कसा असेल? माझं काही बरंवाईट झालं तर उत्तमला सांगा, माझा शब्द आहे, कलावतीला इथे आणून पोचव."

उत्तम म्हणजे माझा मेहुणा. म्हणजे पाहा, जे मागत होतो ते हातात आलं! गप्प बसायचं, बस. संध्याकाळपर्यंत म्हातारा आपोआप बरा होणार, विष जिरलं म्हणणार, आणि उद्या कलावती दारात. त्यांनी माझा हात धरला होता. त्यांच्या हाताला अजून दालचिनीचा वास येत होता. मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली की मिठाच्या पाण्याने आलं नव्हतं ते पाणी डोळ्यांत आलं.

"मामंजी, एकदाच धुतलं," मी म्हणालो.

"काय?"

"लोणी. एकदाच धुतलं. परात पितळेची आहे. आजोबांना लिहिता येत नव्हतं. हे मला बंगल्यावरच्या लिओनार्डने शिकवलं, आणि मी त्याच्या हातचं खाल्लंय. पुष्कळदा."

सासरे उठून बसले. चक्कर कुठल्या कुठे गेली. कुंपणापलीकडे विमलाबाईंचा पाहुणा ओकायचा थांबून ऐकायला लागला.

"म्हणजे विष नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि मी तुमच्या डोळ्यांदेखत चार वेळा ओकलो."

"पाच," मी म्हणालो. का म्हणालो ते देव जाणे. खरं बोलायला सुरुवात केली होती, त्या ओघात निघून गेलं.

त्यांनी पागोटं चढवलं, काठी घेतली. दारात वळून म्हणाले, "त्याच्या हातचं खाल्लंत त्याला प्रायश्चित्त आहे, ते भटजींना विचारून घ्या. सासऱ्याला ओकू दिलंत त्याला काय, ते मी कलावतीला विचारतो." आणि स्टेशनाकडे चालायला लागले.

मी प्रायश्चित्त घेतलं. पंचगव्य एका घोटात प्यालो, मीठपाण्यापेक्षा बरं लागलं. आळीत तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. विमलाबाईंचे यजमान दिसले की मी धोतराचा सोगा सावरायच्या निमित्ताने खाली बघे. कचेरीतून घर आणि घरातून कचेरी. बंगल्यावर नकला न्यायचं काम मी दुसऱ्याच्या गळ्यात घातलं.

दोन महिन्यांनी उत्तम कलावतीला घेऊन दारात उभा. तिने गाठोडं खाली ठेवलं, आत्याच्या पाया पडली आणि चुलीशी गेली. मला एका शब्दाने बोलली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी तिने माझ्यासमोर पितळेची परात ठेवली. लोणी, साखर, दालचिनी, थंड पाण्याचं घंगाळ, सगळं मांडलं.

"करा," ती म्हणाली.

मी केलं. जीव ओतून केलं. तासभर हात थांबवला नाही. ती उंबऱ्यावर बसून बघत होती. लोणी फुललं, पांढरं झालं, चमच्यावर उभं राहिलं. तिने बोटाच्या टोकावर घेतलं, चाखलं, आणि माझ्याकडे पाहून गोड हसली. वर्षभराने पहिल्यांदा.

"छान झालंय," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. "खरंच आवडलं?"

"नाही," कलावती म्हणाली. "खोटं बोलले. कसं वाटतं ते कळावं म्हणून."