माल प्रथम, सही नंतर

आमच्या बिल्डिंगमध्ये आलेलं कुठलंही पार्सल आधी माझे सासरे हुंगतात. मग कानाशी धरून हलवतात, तळहातावर तोलतात आणि डिलिव्हरीवाल्याकडे अशा नजरेनं बघतात की तो बिचारा आपणहून हेल्मेट काढतो. ''सदर माल उघडून पाहिल्याशिवाय सही होणार नाही,'' असं ते जाहीर करतात. हे चालू असताना मी वर खिडकीत, पडद्यामागे उभा असतो. लाजेनं.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मूळचे एडवणचे. तारापूरच्या एका केमिकल कंपनीत उभा जन्म स्टोअरकीपर होते. ड्रमचं झाकण किलकिलं करून नुसत्या वासावर माल परत पाठवायचे, असं त्यांच्याबरोबरचे लोक अजून सांगतात. सासूबाई गेल्या आणि नीता, म्हणजे माझी बायको, त्यांना बोईसरला आमच्याकडे घेऊन आली. आल्या आल्या त्यांनी गेटजवळ प्लॅस्टिकची खुर्ची टाकली आणि बिल्डिंगचं स्टोअर करून टाकलं.

बोलणं तर काय विचारता! सदर, सबब, कृपया नोंद घ्यावी. एकदा दूधवाल्याला म्हणाले, ''सदर पिशवीस गळती आहे.'' तो भैया पिशवीकडे नि त्यांच्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. फक्त कधी चिडले, की तोंडातून एखादं 'नाय' नाहीतर 'हाय' निसटायचं. मग नीता हळूच म्हणायची, ''बाबा, हाय नाही, आहे.'' पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायची. मामा लगेच ''आहे, आहे'' म्हणून खाली बघायचे.

डिलिव्हरीवाल्यांत त्यांची दहशत होती. ''बाबूजी, साइन कर दीजिए, बहुत पार्सल बाकी है,'' असं कुणी काकुळतीला आला की मामा बोट वर करायचे. ''माल प्रथम, सही नंतर.'' मग खोकं फोडताना मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, खोक्याच्या सगळ्या बाजू दाखवायच्या आणि शेवटी आपला चेहरा आणून ''तपासणार, राऊत'' असं म्हणायचं. लोक हसायचे. पण चौथ्या मजल्यावरच्या शिंदेंच्या मोबाइलच्या खोक्यातून अंगाचा साबण निघाला तेव्हा त्या व्हिडिओनंच शिंदेंना वाचवलं. मामांनी तो साबण हुंगून ''हाही हलक्या प्रतीचा आहे'' असा शेराही दिला.

हे सगळं ठीक. पण एकदा माझ्या आतल्या कपड्यांचं पार्सल आलं. मामांनी ते गेटवर, चेअरमनच्या बायकोदेखत उघडलं. एक नग उन्हात धरून ताणून पाहिला. मग वर खिडकीकडे मान करून ओरडले, ''जावईबापू, सदर माल कंबरेत कमी पडेल! परत करू?'' त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी कंबर हा सोसायटीचा सार्वजनिक विषय झाला. नंतर कितीतरी दिवस मी लिफ्टमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा राहत असे.

आता कंबर वाढली होती हे खरं. डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट बघून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि ''हालचाल करा'' म्हणाले. मी घरी आलो, सोफ्यावर आडवा झालो आणि हालचालीचा पहिला भाग म्हणून अंगठ्यानं मोबाइलवर ट्रेडमिल बघायला लागलो. मामा मागे येऊन उभे राहिले. ''मशीन ठेवणार कुठे? तुमच्या वजनाला चालेल असं कुठे लिहिलंय? बिघडलं तर बोईसरात येऊन दुरुस्त कोण करणार? परत घेतात का? नेणार कोण?'' मी मोबाइल उशीखाली सरकवला.

मग ते मला हाताला धरून बिल्डिंगभर घेऊन गेले. ज्यांच्या ज्यांच्या घरी व्यायामाचं मशीन आहे त्यांची बेल वाजवली. शिंदेंच्या ट्रेडमिलवर ओले टॉवेल होते. पहिल्या मजल्यावरच्या सायकलच्या हँडलला कांद्यांची पिशवी लटकत होती. ''कृपया नोंद घ्यावी,'' मामा मला म्हणत होते, आणि घरवाले ओशाळून टॉवेल गोळा करत होते. मी त्यांच्याहून ओशाळलो होतो. ''आधी नुसतं चालून दाखवा. टिकलात तर मशीन.''

मी चाललो. पण थोड्याच दिवसांत पाठ धरली, आणि मी ते चालणं मोठ्या आनंदानं सोडून दिलं. मामा त्यावर काही बोलले नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

त्यांचे ऑनलाइन खरेदीचे नियम बिल्डिंगला पाठ होते. जाहिरातीतल्या लिंकवर पैसे भरायचे नाहीत. दुकानाचा पत्ता बघायचा. पैसे परत करतो म्हणून कुणी फोन केला तर तो चोर. आणि मोबाइलवर येणारा ओटीपी, त्याला ते 'आकडा' म्हणत, तो बायकोलासुद्धा सांगायचा नाही. हे शेवटचं सांगताना त्यांचा आवाज जरा उतरायचा.

एका दुपारी मी खिडकीत होतो. गेटवर डिलिव्हरीवाला आला. मामांनी पार्सल हातात घेतलं, तळहातावर तोललं आणि तसेच थांबले. हुंगलं नाही, हलवलं नाही. इकडेतिकडे बघून पटकन सही केली आणि पार्सल शर्टाखाली धरून जिना चढू लागले. डिलिव्हरीवालाच मागून ओरडला, ''बाबूजी, माल प्रथम!'' त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

त्या दिवसापासून खुर्ची रिकामी. ''पाय दुखतो,'' एवढंच म्हणत. बिल्डिंगमधले लोक पार्सलं घेऊन दाराशी यायचे, तर मामा आत पांघरूण घेऊन पडलेले. जेवणावरूनही लवकर उठायचे. संध्याकाळी मात्र फोन वाजला की मागच्या गॅलरीत जाऊन दार लावून घ्यायचे आणि आतून हसण्याचा आवाज यायचा. मामा हसतात हे मला माहीतच नव्हतं.

एका रविवारी नीता स्वयंपाकघरात होती आणि मी गॅलरीत वाळत टाकलेला टॉवेल आणायला गेलो. दार नीट लागलं नव्हतं. मामा फोनवर बोलत होते, पण सदर नाही, सबब नाही. ''नाय रे, आमच्याकडं आता वाडीत कोन हाय? नारळ पडतान नि पडून राहतान... तू जेवलास काय?'' मला वाटलं, गावचं कोणी असेल. मी परत वळणार, एवढ्यात ते म्हणाले, ''हां, आला आकडा. थांब, सांगतो.''

मी झडप घालून फोन हिसकावला आणि बंद केला. त्यांची सगळी पेन्शन त्या फोनला जोडलेल्या खात्यात. ''मामा, तुम्ही? तुम्ही आकडा देता?'' मी ओरडलोच. नीता धावत आली आणि दारातच थांबली.

मामा स्टुलावर बसले. मग गॅलरीतल्या बादलीमागून एक खोकं काढून माझ्यासमोर धरलं. आत लहान मुलींची उड्या मारायची दोरी होती, गुलाबी मुठींची.

''व्यायामाची सायकल मागवली व्हती तुमच्यासाटी,'' ते म्हणाले. ''पाठीला टेकू असलेली. तुमची पाठ धरली ना, म्हून. जाहिरातीत नंबर व्हता, फोन केला. तो मानूस आमच्या बोलीत बोलला. 'काका, तुमी तर आपलेच हाव' बोलला. मी पत्ता नाय बघितला, काय नाय बघितला. पैसे भरले. पार्सल हातात घेतला नि वजनावरूनच कळला. तिथं उघडला असता तर अख्खी बिल्डिंग बघत व्हती.''

''आणि आता आकडा कशाला देत होतात?''

''खरा नाय देत.'' त्यांनी मान आणखी खाली घातली. ''पैसे परत देतो सांगून तो रोज फोन करतो. चोर हाय, मला काय कळत नाय? मी त्यातला एक आकडा चुकीचा सांगतो. मग तो बोलतो, काका, नाय लागला, उद्या करतो. आनि उद्या परत करतो.'' जरा थांबून म्हणाले, ''तुजी सासू गेल्यापासून माज्याशी असा बोलनारा कोन हाय? कंपनीत साहेबलोक हसायचे म्हून कागदावरची भाषा उचलली. हितं पन तीच. तोंड आंबून गेला माजा.''

ते मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाले होते. मी कार्ड बंद करायला बँकेला फोन लावला, उद्या पोलिसांत तक्रार देऊ म्हणालो, तो नंबर ब्लॉक केला. हे सगळं योग्यच होतं. पण मी ब्लॉकचं बटण दाबताना मामा त्या फोनकडे जसे बघत होते, ते बघून मला फार लाज वाटली. एवढं घर असून त्यांच्या बोलीत बोलायला त्यांना एक चोरच मिळाला होता.

नीता दारातून हलली नव्हती. पालघरला कॉलेजात जायला लागली तेव्हा मैत्रिणी हसतात म्हणून तिनं ती बोली टाकली होती. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिच्या तोंडून ती एकदाही ऐकली नव्हती. तिचे कान लाल झाले होते. तिनं पदराला हात पुसले, पुन्हा पुसले.

''बाबा,'' ती म्हणाली, आणि अडखळली. ''चल जेवाला. सुकटीचा कालवन केलाय. थंड व्हल.''

मामांनी एकदम वर पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. ''आलो गो बाय,'' म्हणाले.

पाटावर बसून त्यांनी कालवणाची वाटी उचलली, नाकाशी नेली आणि डोळे मिटून हुंगली. आम्ही दोघं श्वास धरून उभे.

''माल बरोबर हाय,'' मामा म्हणाले.

नीतानं 'आहे' म्हटलं नाही.