चौथा अल्बम आणि कातळावरचं ऊन

एका जंगलात एक बँड होता, बाळांनो. हसू नका. तुमच्या गल्लीत गणपतीत काय वाजतं ते मला चांगलं माहीत आहे.

बँडचं नाव 'खडखडाट'. झिपरू नावाचं अस्वल गायचं, सुतारपक्षी खोडावर ठोके धरायचा आणि दोन माकडं वाळक्या शेंगा आपटायची. जंगलात कॅसेट नव्हती. भृंगराज पक्षी गाणी पाठ करायचे आणि झाडाझाडांवर बसून हुबेहूब ऐकवायचे. एका वर्षाची गाणी म्हणजे एक अल्बम.

पहिला अल्बम 'फोडा'. दुसरा 'अजून फोडा'. तिसरा 'सगळंच फोडा'. जंगल खुळं झालं. मग चौथा आला, 'जरा थांबा', आणि पाचवा, 'बसलो आहे'. त्यांत झिपरू हळू, खर्जात गायचा. सुतारपक्षी ठोकायचाच नाही, नुसती चोच सालीवर घासायचा. एका गाण्यात तर बराच वेळ फक्त पानावरून पाणी गळायचं. झालं, जंगलात दोन तट पडले.

याच जंगलात तानाक्का घोरपड राहायची. चौथा अल्बम आला त्या वर्षी मुंगसाने तिची सगळी अंडी खाल्ली होती. ती बिळाबाहेर पडेनाशी झाली. एका संध्याकाळी भृंगराज तिच्या बिळावरच्या झाडावर बसून 'जरा थांबा' गायला. तानाक्का ढसाढसा रडली, आणि तिला बरं वाटलं. मग ती रोज ऐकायला जाऊ लागली. त्या गाण्यांवर चार शब्द बोल म्हटलं असतं तर तिला बोलता आलं नसतं. तिला ती फार आवडायची, एवढंच.

आता मंडळाकडे वळू. जंगल म्हटलं की मंडळ आलंच.

'खडखडाट रसिक मंडळा'ची बैठक थंडीत काळ्या कातळावर भरायची. गारठलेल्या जंगलात ऊन येणारी तेवढीच जागा. तिथली रीत अशी, की ज्याने बँड जितका आधीपासून ऐकला, तितका तो उन्हात पुढे. बाकीचे मागे, जांभळीच्या गार सावलीत. आता घोरपडीला थंडीत ऊन मिळालं नाही तर तिचं अंग आखडतं. हलता येत नाही, मग खाणार कुठून? तानाक्काची जागा उन्हाच्या अगदी कडेला होती. ती तिथे जीव मुठीत धरून बसायची.

बाकीचे आपापली तारीख मागे ढकलण्यात गुंतले होते. ससा म्हणाला, मी आईच्या पोटात होतो तेव्हापासून ऐकतोय. कासवाने त्याच्यावर ताण केली.

"मी बँड व्हायच्या आधीपासून ऐकतोय. खरं सांगू का, बँड झाला तिथेच ते बिघडले."

कासवाला ताबडतोब पुढे सरकवण्यात आलं.

त्या थंडीत वाद भलताच पेटला. मंडळाचे अध्यक्ष साळिंदर. ते म्हणाले, "चौथा अल्बम इतका टाकाऊ आहे, की मी तो ऐकलासुद्धा नाही."

"इथेच तुमचं चुकतं, अध्यक्षमहाराज," हुप्प्या वानर म्हणाला. "तो ऐकायचा अल्बमच नाही. समजून घ्यायचा आहे. मी न ऐकता समजून घेतला."

शेवटी अध्यक्षांनी ठराव मांडला. बँड तिसऱ्या अल्बमला संपला. पुढचं ज्याला आवडतं तो रसिक नव्हे, आणि त्याची जागा सावलीत. हे कळल्याबरोबर हुप्प्याने ठरावाला हात वर केला.

"मी त्या अल्बमच्या बाजूने नव्हतोच," तो म्हणाला. "मी विश्लेषण करत होतो."

तेवढ्यात एक म्हातारं अस्वल लंगडत कातळावर आलं.

"आपण कधीपासून ऐकता?" साळिंदरांनी विचारलं.

"मी ऐकत नव्हतो हो, गात होतो. मी झिपरू."

"झिपरू असाल तर 'फोडा' म्हणून दाखवा."

"घसा गेला, बाबा. म्हणून तर हळू गायला लागलो. मग कळलं, आपल्याला हेच गायचं होतं." झिपरूने सगळ्यांकडे पाहिलं. "नवी गाणी कुणाला पोचतात का, एवढंच विचारायला आलोय. भृंगराज सांगत होता, एक घोरपड रोज येते. ती भेटली तर आणखी एक अल्बम करीन म्हणतो."

सगळ्या माना तानाक्काकडे वळल्या. तिच्या पाठीवर ऊन होतं. मागे जांभळीखाली दोन सरडे काकडत पडले होते.

"घोरपडी पुष्कळ आहेत या जंगलात," तानाक्का म्हणाली. "मला बाई 'फोडा'च आवडतं."

"असेल, असेल," झिपरू म्हणाला, आणि आला तसा लंगडत निघून गेला. मंडळाने तानाक्काला पुढे, कासवाशेजारी बसवलं. ऊन छान होतं. तिला मात्र स्वतःची शरम वाटत राहिली.

पुढच्या थंडीपर्यंत जंगलभर झालं, की झिपरूने गाणं सोडलं. बैठकीत साळिंदरांनी डोळे टिपले.

"'जरा थांबा'सारखं पुन्हा होणे नाही," ते म्हणाले. "मी तेव्हाच सांगत होतो."

"मी तर तेव्हा न ऐकताच रडलो होतो," हुप्प्या म्हणाला.

नवा ठराव झाला. चौथा अल्बम ज्याला आधीपासून आवडतो, तो उन्हात. जुन्या चुका कुणी कुणाच्या काढल्या नाहीत. मोठ्या मनाचं मंडळ होतं.

तानाक्का पुढे आली.

"माझी अंडी गेली तेव्हा मी त्या गाण्यांवर जगले. रोज ऐकायला जायची ती मीच."

साळिंदरांनी खेदाने मान हलवली.

"तानाक्का, गेल्या वर्षी झिपरूच्या तोंडावर तुम्ही काय बोललात ते आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. तुमच्यासारख्यांमुळेच तो बिचारा गप्प झाला."

तिला जांभळीखाली नेऊन बसवलं. मग उन्हात बसून मंडळाने झिपरूच्या सन्मानार्थ 'जरा थांबा' म्हटलं. ठेका धरून, टाळ्या वाजवत, घसे फोडून म्हटलं. ते कुठे कुठे चुकतायत हे एकट्या तानाक्काला कळत होतं. पण तिचं अंग आखडत चाललं होतं, आणि तोंड हलेना.

तात्पर्य : कलावंत गातोय तोवर त्याला नावं ठेवावीत. तो गप्प झाला, की आपल्याला तो आधीपासूनच आवडत होता असं सांगावं. ऊन दोन्ही वेळा मिळतं. ज्यांना गाणं खरोखरच आवडतं, त्यांनी मात्र आपापल्या घोंगडीची सोय करून ठेवावी.