सोनबाच्या मनगटाचा कौल

तुडीलचा सोनबा मुळात तापट, त्यात एकोणसत्तर साली मुंबईच्या डॉक्टरांनी त्याच्या डाव्या हातावर पहारा बसवला. त्याची दोन्ही मूत्रपिंडं हळूहळू कामातून जात होती. यंत्रात रक्त धुवायचं तर जाड शीर हवी, म्हणून मनगटातली धमनी शिरेला जोडून, शीर फुगेपर्यंत त्याला सहा आठवडे घरी धाडलं होतं. तिथे बोट ठेवलं की आत सारखी थरथर लागे. "ही थरथर म्हणजे तुमचा जीव. मनगटाला दोरासुद्धा बांधू नका," डॉक्टरांनी बजावलं होतं.

समाचाराला पहिला आला गोमाजी गुरव. त्याने मनगट चाचपलं आणि डोळेच मिटले.

"सोनबा, हातात देव आलाय रे! कौल देतोय!"

"देव नाय, टाके हायत! सोड!"

पण गावाला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी अंगणात रांग. भागोजीला हरवलेली म्हैस हवी होती, बनुबाईला सून नांदायला कधी येईल ते. जो तो प्रश्न विचारी आणि मनगटाला कान लावी. सोनबा शिव्या घाली, तर लोक हात जोडून म्हणत, "देव कडक हाय!" संध्याकाळी भागोजीची म्हैस ओढ्याकाठी सापडली. मग काय विचारता, पार पोलादपूरहून माणसं येऊ लागली.

पाचव्या दिवशी दुपारी सोनबा झोपेतून उठला, तर मनगटाला काळा दोरा करकचून बांधलेला. थरथर बंद!

"कुनी बांधला ह्यो? आडकित्ता आन गो!"

त्याची बायको ठकूबाई धावत आली. तिने दोरा कातरला. दोघं मनगटावर बोट ठेवून बसली. कितीतरी वेळ काहीच नाही. मग बोटाखाली हळूहळू थरथर सुरू झाली.

सोनबाच्या जिवात जीव आला आणि तो दुप्पट भडकला. "नाव सांग त्याचं! तंगडी मोडतो!"

"मीच बांधला," ठकूबाई म्हणाली. "गोमाजी म्हनला, दोरा बांधून इचारलं की खरा कौल मिलतो."

"आनि काय इचारलंस, येडे?"

"तुमी जगाल का, ते."

तोंडाशी आलेली शिवी सोनबाने गिळली. मग त्याने हात पुढे केला.

"दोरा नको. असंच इचार."

ठकूबाईने मनगटाला कान लावला.

"काय म्हनतो तुजा देव?"

"तुमच्यावानीच गुरगुरतोय," ती डोळे पुसत म्हणाली. "येवढा राग शिलकीत असल्यावर मानूस मरतो कशाला?"