मनगटाची पकड

न्हाणीघराच्या दाराची मूठ उपटून जावईबापूंच्या हातात आली, तेव्हा ती त्यांनी अगदी शास्त्रशुद्ध रीतीने कमरेपाशी ओढली होती. दोष रीतीचा नव्हता, दाराचा होता.

चष्म्यांच्या दुकानात बसून बसून पोट सुटलं, म्हणून जावईबापूंनी पन्नाशीला कराटेचा वर्ग धरला. कालच सरांनी बजावलं होतं, "काता, म्हणजे हा ठरलेल्या हालचालींचा क्रम, नुसती कवायत नव्हे. कमरेवर परत येणारा हात रिकामा नसतो, त्यात समोरच्याचं मनगट असतं. धरा, पिळा, ओढा. आणि एकदा चिकटलात की डोळ्यांवर विसंबू नका. समोरचा कुठे ताठलाय ते अंगाला कळतं." तेव्हापासून त्यांना घरभर मनगटंच दिसत होती. बायको सकाळीच म्हणाली, "माझ्या हातात उकळता चहा आहे, लांब राहा." मग उरली दाराची मूठ.

आत होते सासरे. दाढ काढायला लेकीकडे आलेले. मोठ्या मिनतवारीनंतर डॉक्टरांनी आजची वेळ दिली होती, उद्यापासून डॉक्टरच महिनाभर गावाला जाणार होते.

"काय तोडलंत?" बायको धावत आली.

"मनगट," ते बोलून गेले.

"कुणाचं?"

"दाराचं."

तिने कपाळावर हात मारला. "बाबांची वेळ चुकली ना, तर माझ्या माहेरी तोंड दाखवायला जागा उरणार नाही तुम्हाला!"

आतून सासऱ्यांचा आवाज आला, भलताच शांत. "असू दे गं. दारच उघडत नाही, त्याला कोण काय करणार? कळव डॉक्टरांना, योग नव्हता म्हणून."

निदान थोडा उशीर होईल एवढं कळवायला बायको फोनकडे पळाली. आता ही गोष्ट सासरवाडीत जन्मभर चघळली जाणार. मुठीच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून जावईबापूंनी फिरवला. खट्ट करून खटका मागे सरकला, पण दार ढिम्म. लाथ मारायला त्या बोळात जागा नव्हती. शेवटी ते दाराला छातीने चिकटले आणि डोळे मिटले. दार खालून हलत होतं, मधूनही हलत होतं. वरून मात्र ताठ.

"बाबा," ते फटीतून कुजबुजले, "वरची कडी तुम्ही काढलीच नाहीत."

आतून बारीक आवाज आला, "मला सुईची फार भीती वाटते हो, जावईबापू. लेकीला सांगू नका."

जावईबापूंचा जीव भांड्यात पडला. पण एरवी घर दणाणून सोडणाऱ्या माणसाचा तो सूर ऐकून वाईटही वाटलं. ते मोठ्याने ओरडले, "माझीच चूक! मीच बिघडवलं, मीच उघडतो!" आणि हळूच म्हणाले, "काढा कडी. मी असेन ना खुर्चीपाशी."

कडी निघाली.

दवाखान्यात सुई दिसताच सासऱ्यांनी डोळे गच्च मिटले. "काही नाही हो बाबा, काही नाही," जावईबापू घाम पुसत धीर देत राहिले. अखेर दाढ टणकन बशीत पडली.

"झालं?" सासऱ्यांनी डोळे उघडले. "काही कळलंसुद्धा नाही की!"

जावईबापूंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"मग आता," तोंडातला बोळा सांभाळत सासरे म्हणाले, "माझं मनगट सोडा. केव्हापासून पिळताय!"