सासूबाईंची दाढ आणि परगावचं हवामान

दातांच्या डॉक्टरांचा मोबाईल बायकोने सकाळीच काढून घेतला आणि बाहेरच्या टेबलाच्या खणात घालून कुलूप लावलं. दवाखान्यातलं ते टेबल तीच सांभाळायची.

"प्रत्येक पेशंटला ताटकळत ठेवून पडद्यामागे काय बघत असता हो एवढं? व्यसन आहे ते. आज दिवसभर मिळणार नाही!"

बायकोपुढे डॉक्टर सहसा बोलत नसत. पंचाईत एवढीच होती, की आजची पहिली दाढ सासूबाईंची होती.

सासूबाई खुर्चीत आडव्या झाल्या. इंजेक्शन देऊन डॉक्टर सवयीने पडद्यामागे गेले, खिसे चाचपले आणि परत आले. सासूबाईंच्या तोंडात डोकावले आणि पुन्हा पडद्यामागे. तिसऱ्या खेपेला ते हातातल्या एक्स-रेवरच अंगठा सरकवत उभे राहिले.

सासूबाईंनी खुर्चीतूनच मान उचलली. "जावईबापू, काही वाईट निघालंय का?"

"छे हो, आई."

"मग सारखे आत जाऊन रडून का येताय?"

डॉक्टर पुन्हा पडद्यामागे गेले. तेवढ्यात सासूबाईंनी मुलाला फोन लावला. "दाढेचं नाही रे, भलतंच काहीतरी दिसतंय. भेटून जा." मुलाने धाकट्या बहिणीला कळवलं, तिने मामांना. बघता बघता बाहेरचा बाक नातेवाइकांनी भरला. धाकटीने तर पदर डोळ्यांना लावला. ते पाहून गाल धरून बसलेले दोन पेशंट आपापली दाढ घेऊन मुकाट्याने घरी गेले.

बायको तीरासारखी आत आली. "आईला काय झालंय? माझ्यापासून लपवू नका."

"आईंना काही नाही गं. मलाच होतंय."

"काय होतंय?"

"भीती वाटते. दाढ काढायची. दर वेळी. मुळापाशी तुटली तर? रक्त थांबलंच नाही तर? आणि आज तर तुझी आई."

"मग मोबाईलमध्ये काय बघता?"

"हवामान," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "लांबलांबच्या गावांचं. कुठे ऊन, कुठे बर्फ. तिथे माझा एकही पेशंट नसतो."

बायको बाहेर जाऊन मोबाईल घेऊन आली. पण डॉक्टरांनी हातमोजे घातले होते.

"राहू द्या, मी वाचते," ती हळूच म्हणाली.

"आई, तुम्हाला दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं असेल तर..." डॉक्टर सासूबाईंना म्हणाले.

"काही नको," सासूबाई बधिर ओठांनी म्हणाल्या. "घाबरणारा माणूस बरा. उगाच ओढाताण करत नाही." आणि त्यांनी आ वासला.

बायको आईकडे पाठ करून वाचू लागली. कुठे धुकं होतं, कुठे उणे चार. एका बेटावर लख्ख ऊन होतं. डॉक्टरांचा हात स्थिर झाला. थोड्या वेळाने ट्रेमध्ये टक् असा आवाज झाला.

"निघाली," डॉक्टर म्हणाले. "अख्खी निघाली. अगं, ऐकलंस का? झालं."

बायको वळली नाही. तिचे डोळे मोबाईलला चिकटले होते आणि अंगठा भराभर सरकत होता.

"थांबा हो जरा," ती म्हणाली. "इथे वादळ आलंय."